घशातले गळू : माउंट व्हर्नन ते पिंपरी

१२ डिसेंबर १७९९. व्हर्जिनियात त्या दिवशी बर्फ, गारा आणि थंडगार पाऊस आळीपाळीने पडत होता. राष्ट्राध्यक्षपद सोडून पावणेतीन वर्षे झालेले ६७ वर्षांचे जॉर्ज वॉशिंग्टन नेहमीप्रमाणे घोड्यावर बसून माउंट व्हर्ननची शेते बघत फिरले. पाचेक तासांनी परतले तेव्हा केसांना बर्फ चिकटला होता आणि मान ओली झाली होती. जेवण खोळंबले होते, म्हणून कपडे न बदलता ते तसेच पानावर बसले.

दुसऱ्या दिवशी घसा धरला. तरीही तोडायच्या झाडांवर खुणा करायला ते दुपारनंतर बाहेर पडलेच. रात्री वर्तमानपत्रातल्या बातम्या मोठ्याने वाचताना आवाज घोगरा येत होता. सचिव टोबायस लिअर यांनी काहीतरी औषध घ्या म्हणून सुचवले. सर्दीसाठी आपण कधी काही घेत नाही, आली तशी जाईल, असे म्हणून ते झोपायला गेले.

मध्यरात्रीनंतर थंडी वाजून त्यांना जाग आली. बोलता येईना, श्वास घेताना त्रास होऊ लागला. पत्नी मार्था उठू लागल्या, तर तुलाही थंडी बाधेल म्हणून त्यांनी थांबवले. पहाटे विस्तव पेटवायला आलेल्या कॅरोलाइन या गुलाम दासीकडून लिअर यांना निरोप गेला. त्यांनी काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण पाजून पाहिले. एक थेंब गिळता आला नाही, उलट जीव गुदमरला. डॉक्टर यायच्या आधीच वॉशिंग्टन यांनी शेतावरचा मुकादम जॉर्ज रॉलिन्स याला बोलावून घेतले आणि शीर कापायला हात पुढे केला. रॉलिन्सचा हात थरथरत होता. मार्था नको म्हणत होत्या. आणखी काढ, असे रुग्णच सांगत होता.

मग त्यांचे जुने मित्र डॉ. जेम्स क्रेक आले. त्यांनी गळ्यावर स्पॅनिश माशीचा लेप लावून फोड उठवला, व्हिनेगरच्या गुळण्या सांगितल्या आणि पुन्हा रक्त काढले. गुळणी करायला मान मागे टाकताच रुग्ण गुदमरला. दुपारी डॉ. एलायशा डिक आणि डॉ. गुस्टाव्हस ब्राउन येऊन पोहोचले. जुलाब, उलटीचे औषध आणि चौथ्यांदा रक्त, असे सगळे झाले. दिवसभरात काढलेल्या रक्ताचा अंदाज सुमारे ८० औंस, म्हणजे २.३ लिटरच्या आसपास केला जातो. प्रौढ माणसाच्या अंगात पाच-सहा लिटर रक्त असते, हे लक्षात घेतले की त्या दिवशी काय चालले होते ते समजते.

तिघांत वयाने सर्वांत लहान होते ते डिक. त्यांनी शेवटचे रक्त काढायला विरोध केला. रुग्णाला आता सगळी ताकद हवी आहे, ती कमी करू नका, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय गळ्याला समोरून छेद देऊन श्वासनलिका उघडावी असे त्यांनी सुचवले. बाकी दोघांना ते पटले नाही. भूल सापडायला अजून ४७ वर्षे होती, शुद्धीवर असलेल्या माणसावर ही शस्त्रक्रिया क्वचितच कुणी केली असेल, आणि समोर रुग्ण होता तो देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. ख्रिस्तोफर शील्स हा गुलाम सेवक दिवसभर बिछान्याशी उभा होता. घसा बंद होत चाललेल्या वॉशिंग्टन यांनी त्याला खुणेने बसायला सांगितले. रात्री दहा ते अकराच्या दरम्यान त्यांचे प्राण गेले.

पुढे दोन-तीन आठवड्यांतच ब्राउन यांनी क्रेकना पत्र लिहिले. डिकचे ऐकले असते तर आपला मित्र कदाचित आज जिवंत असता, अशी कबुली त्यात आहे. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या लवकर आणि इतक्या स्वच्छपणे लिहिलेली कबुली फार थोडी सापडते. त्याबद्दल ब्राउन यांचा आदर करायला हवा.

वॉशिंग्टन यांना नेमके काय झाले होते? क्रेक यांच्या मनात पहिले नाव आले ते क्विन्झीचे, म्हणजे टॉन्सिलच्या मागे पू साठून होणाऱ्या गळवाचे. डिक यांना ते पटत नव्हते. त्यांच्या मते घशाच्या आवरणालाच भयंकर सूज आली होती. आजचे बहुतेक अभ्यासक श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण, एपिग्लॉटिस, सुजले असावे या बाजूने आहेत. शवविच्छेदन झाले नाही, त्यामुळे वाद मिटणे अवघड आहे. पण त्या खोलीतली अडचण दोन्ही निदानांना सारखीच होती. घशाच्या आत काय चालले आहे हे कुणाला दिसत नव्हते, सूज उतरवणारे औषध कुणाकडे नव्हते, आणि जिथे हात घालायला हवा तिथे घालायची हिंमत एकट्या डिकने दाखवली.

क्विन्झी हा आजार जुना आहे. एकमेव इंग्रज पोप चौथे एड्रियन ११५९ मध्ये अनान्यी येथे वारले, ते याच रोगाने, असे इतिहासकार मानतात. वाइनमधली माशी घशात अडकली, ही त्यांच्या मरणाची अफवा मात्र जास्त टिकली. फ्रेंच निबंधकार मिशेल द माँतेन १५९२ मध्ये याच आजाराने गेला. आयुष्यभर स्वतःशी आणि जगाशी बोलत राहिलेल्या या माणसाची वाचा शेवटच्या दिवसांत बंद झाली होती आणि आपल्याला काय हवे ते त्याला घरच्यांना लिहून सांगावे लागत होते.

आजाराचा क्रम असा. आधी साधा टॉन्सिलचा ताप येतो. चार-पाच दिवसांत दुखणे एका बाजूला सरकते आणि वाढत जाते. टॉन्सिलच्या बाहेरचे पातळ कवच आणि घशाचा स्नायू यांच्या मधल्या पोकळीत पू साठू लागतो. जवळच्या स्नायूंना सूज आल्याने जबडा आखडतो, तोंड दोन बोटेही उघडत नाही. त्या बाजूचा टाळू फुगतो आणि पडजीभ दुसऱ्या बाजूला ढकलली जाते. आवंढा गिळवत नाही म्हणून लाळ गळते, आणि आवाज तोंडात घास धरून बोलावे तसा येतो. कान दुखतो, मान वळत नाही. काहींचे गळू आपोआप फुटते आणि रुग्णाला एका क्षणात आराम पडतो. झोपेत फुटले तर पू फुफ्फुसात जातो. न फुटता खाली उतरले तर मानेतून थेट छातीत पोहोचते.

गळू फोडून पू काढावा, हे शहाणपण पूर्वीच्या वैद्यांकडे होते. सुश्रुतसंहितेत टाळूच्या रोगांत तुंडिकेरीचे वर्णन आहे : जाड सूज, टोचल्यासारखी वेदना, आग, आणि मग पिकणे. घशाच्या विकारांत गलविद्रधी वेगळा सांगितला आहे. तो पूर्ण पिकलेला असेल आणि मर्मावर नसेल तरच उघडावा, अशी अट घातली आहे. मर्माची ही अट उगाच नाही. टॉन्सिलच्या मागे, बाहेरच्या अंगाला, सुमारे अडीच सेंटिमीटरवर मेंदूला रक्त नेणारी मोठी रोहिणी असते. पाते तिथपर्यंत गेले तर रुग्ण हातचा जातो. कच्चा विद्रधी कापणारा आणि पिकलेला न ओळखता तसाच सोडणारा, हे दोघेही सुश्रुताने सारखेच दोषी धरले आहेत. गळवाच्या शस्त्रक्रियेबद्दल याहून नेमके काही पुढची कित्येक शतके कुणी लिहिले असेल असे वाटत नाही.

मग अठराव्या शतकाच्या शेवटी, युरोप-अमेरिकेतल्या नामांकित डॉक्टरांच्या हातून घशासाठी हाताची शीर का कापली जात होती? कारण सूज म्हणजे रक्ताची गर्दी, आणि रक्त काढले की गर्दी ओसरते, हा सिद्धान्त त्या काळी वैद्यकाचा कणा होता. अमेरिकेत त्याचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते होते फिलाडेल्फियाचे डॉ. बेंजामिन रश. १७९३ च्या पीतज्वराच्या साथीत त्यांनी रोग्यांचे भरमसाट रक्त काढले. विल्यम कॉबेट या पत्रकाराने त्यावर कडाडून टीका केली आणि रश यांनी त्याच्यावर बदनामीचा खटला भरला. कॉबेटला ५,००० डॉलरचा दंड ठोठावणारा निकाल लागला तो १४ डिसेंबर १७९९ रोजी, म्हणजे वॉशिंग्टन माउंट व्हर्ननला शेवटचे श्वास घेत होते त्याच दिवशी.

या समजुतीला खरा तडा गेला तो मोजणीने. पॅरिसच्या पियेर लुई यांनी रक्त काढलेल्या रुग्णांची एकेक नोंद ठेवली आणि १८३५ मध्ये पुस्तक काढले. त्यात न्यूमोनियाचे ७७ रुग्ण होते. पहिल्या चार दिवसांत रक्त काढलेल्यांपैकी ४४ टक्के दगावले, उशिरा काढलेल्यांपैकी २५ टक्के. घशाच्या सुजेचे रुग्णही त्या पुस्तकात आहेत, आणि रक्त काढून त्यांना फारसा फायदा झाला नाही असा लुई यांचा निष्कर्ष आहे. डिक यांची दुसरी सूचनाही तोवर खरी ठरली होती. १८२५ मध्ये फ्रान्समध्येच पियेर ब्रेतोनो यांनी घटसर्प झालेल्या एका मुलीची श्वासनलिका उघडून तिला वाचवले.

घशात हात घालायचा तर आधी घसा दिसायला हवा होता. ही अडचण एका गायनशिक्षकाने सोडवली. लंडनमध्ये राहणाऱ्या मानुएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये दोन आरशांनी सूर्यप्रकाश आत टाकून स्वतःच्याच स्वररज्जू हलताना पाहिल्या. मग कपाळावरचा आरसा आला, आणि घशाचे डॉक्टर ही वेगळी जात तयार झाली. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवला, आणि त्याच वर्षी ते घशातही वापरले जाऊ लागले. आता रुग्ण खुर्चीत ताठ बसलेला, समोर दिवा, टाळूवर बधिर करणारे औषध, आणि जिभेवर चपटी पट्टी, असे चित्र दिसू लागले.

पाते किती आत जावे हा प्रश्न त्या डॉक्टरांनी साध्या युक्तीने सोडवला. चाकूच्या पात्याला टोकाजवळचा थोडा भाग सोडून चिकटपट्टी गुंडाळायची, म्हणजे इच्छा असली तरी ते खोल शिरत नाही. छेद कुठे द्यायचा याचीही खूण ठरली. पडजिभेच्या मुळापासून एक आडवी रेघ कल्पायची, टॉन्सिलच्या पुढच्या पडद्यावरून एक उभी, आणि दोन्ही मिळतात त्याच्या जरा बाहेर टोक टेकवायचे. चाकूने फक्त वरचे अस्तर उघडायचे. पुढचे काम बोथट चिमट्याने, जबडे मिटून आत आणि उघडून बाहेर. पू सुटला की त्याची दुर्गंधी साऱ्या खोलीत पसरते. रुग्ण पुढे वाकून भांड्यात थुंकतो. कित्येकदा पाच मिनिटांपूर्वी थुंकीही न गिळणारा माणूस पाण्याचा घोट घेतो. शस्त्रक्रियेचे फळ इतक्या लगेच दिसावे असे प्रसंग वैद्यकात मोजके आहेत.

तरी लोक मरत होतेच. पू काढला तरी जंतू रक्तात शिरलेले असत. १९३६ मध्ये पॅरिसचे आंद्रे लेमिएर यांनी 'लॅन्सेट'मध्ये २० रुग्णांची हकिगत लिहिली. बहुतेक धडधाकट तरुण. आधी टॉन्सिल किंवा त्यामागचे गळू, मग मानेतल्या मोठ्या शिरेत गाठ, मग ताप आणि फुफ्फुसात ठिकठिकाणी पू. विसांपैकी अठरा दगावले. हा रोग अंथरुणाजवळ उभे राहूनही ओळखता येतो, असे लेमिएर म्हणत. ओळखूनही काही करता येत नव्हते, हे त्यांनाच सर्वांत जास्त सलत असणार.

तोवर जर्मनीत एक लाल रंग औषध ठरू लागला होता. गेऱ्हार्ट डोमाक यांनी प्रॉन्टोसिल स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गावर चालते हे १९३५ मध्ये जाहीर केले. पुढच्याच वर्षी, पुन्हा डिसेंबरात, पुन्हा घशाच्या दुखण्याने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरात भीती पसरली. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा त्याच नावाचा तरुण मुलगा बोस्टनच्या रुग्णालयात होता. सायनस आणि घशातला संसर्ग रक्तात उतरण्याची चिन्हे होती. डॉ. जॉर्ज टोबी यांनी प्रॉन्टोसिल दिले आणि मुलगा बरा झाला. बारा वर्षांपूर्वी, १९२४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा टेनिस खेळताना पायाला आलेल्या फोडातून जंतुदोष होऊन गेला होता, तेव्हा व्हाइट हाउसच्या डॉक्टरांच्या हातात काहीच नव्हते. ही आठवण अमेरिकेत ताजी होती, म्हणून धाकट्या रूझवेल्टची बातमी पहिल्या पानांवर आली आणि प्रॉन्टोसिलचे नाव घरोघरी पोहोचले.

पेनिसिलिन त्यापुढचे. फ्लेमिंग यांना बुरशी १९२८ मध्ये दिसली, पण तिचे औषध केले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी रॅडक्लिफ इन्फर्मरीत आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला पहिले इंजेक्शन दिले गेले. चेहरा आणि डोके गळवांनी भरलेले, एक डोळा आधीच काढलेला. चार-पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत होते. तेही संपले. १५ मार्चला शिपाई गेला. महायुद्धाच्या गरजेपोटी अमेरिकन कारखान्यांनी मोठ्या टाक्यांतून बुरशी वाढवायला सुरुवात केल्यावर चित्र पालटले.

भारतात ही टाकी आली ती पुण्याजवळ. परदेशातून येणारे पेनिसिलिन महाग होते आणि पुरत नव्हते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक साहिबसिंग सोखी यांनी औषध देशात बनले पाहिजे हा धोशा स्वातंत्र्याच्या आधीपासून लावला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने केंद्र सरकारने १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली आणि १९५५ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले. पिंपरी तेव्हा खेडे होते. आज उद्योगनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या भागातल्या सुरुवातीच्या मोठ्या कारखान्यांपैकी हा एक. मोटारी आणि स्कूटरच्या आधी पिंपरीचे नाव देशभरच्या दवाखान्यांत पेनिसिलिनच्या कुपीवरून पोहोचले. त्या कारखान्याची पुढची परवड पाहून वाईट वाटते, पण त्याने ज्यांचे प्राण वाचवले त्यांची गणती कुठल्याच ताळेबंदात बसणार नाही.

औषध हाती आले तेव्हा अनेकांना वाटले, आता चाकूची गरज उरली नाही. ही आशा टिकली नाही. साठलेल्या पुवात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे रक्तातून येणारे औषध गळवाच्या पोटात पुरेसे पोहोचत नाही. शिवाय पेनिसिलिन जंतूंची भिंत बांधली जात असतानाच ती तोडते, आणि पुवात कोंडलेले जंतू फारसे वाढतच नसतात. म्हणून पू बाहेर काढणे चुकत नाही. उलट, नुसता पू काढून औषध दिले नाही तर लेमिएर यांच्या विसांची गत होऊ शकते.

त्या गळवात एकटा स्ट्रेप्टोकॉकस नसतो, हवा नको असलेल्या जंतूंचीही गर्दी असते, आणि लेमिएर यांनी वर्णन केलेल्या रोगाचा जंतू त्यांतलाच. त्यांच्यावरचे औषध असेच अवचित सापडले. मेट्रोनिडॅझोल १९६० च्या सुमारास योनिमार्गाच्या एका संसर्गावर दिले जाऊ लागले. डेव्हिड शिन या लंडनच्या दंतवैद्याच्या एका रुग्ण स्त्रीने ते घेतले आणि तिच्या हिरड्यांचा घाणेरडा दाहही गेला. शिन यांनी ते १९६२ मध्ये 'लॅन्सेट'ला कळवले. आज पेनिसिलिनच्या जोडीला तेच औषध, किंवा दोन्ही कामे एकत्र करणारे दुसरे एखादे, दिले जाते.

चाकूही आता बऱ्याचदा लागत नाही. जाड सुईने पू ओढून घेतला तरी बहुतेकांना तेवढे पुरते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेड हर्झन यांनी आपल्या आणि इतरांच्या नोंदी एकत्र मांडल्या तेव्हा सुईचे यश ९४ टक्के निघाले. अमेरिकेत वर्षाला सुमारे ४५,००० जणांना हे गळू होते, असा अंदाजही त्यांनीच दिला. सुई की छेद यावर डॉक्टरांत अजून मतभेद आहेत. सुईनंतर गळू परतण्याची शक्यता थोडी जास्त असावी, असे दिसते. वारंवार होत असेल तर टॉन्सिलच काढून टाकतात. बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात, काही तर त्याच संध्याकाळी.

ही सगळी सोय आज जिल्ह्याच्या गावी आहे. तरी उशीर होतोच, आणि तो बहुतेक वेळा घरी होतो. औषधाच्या दुकानातून दोन-तीन गोळ्या आणून, जरा बरे वाटताच त्या थांबवून. टॉन्सिलच्या तापानंतर घसा एकाच बाजूला जास्त दुखू लागला, तोंड पुरते उघडेना, लाळ गिळवेना किंवा आवाज बदलला, तर गुळण्यांवर रात्र काढू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. श्वासाला त्रास होत असेल तर दवाखाना कोणता याचा विचार न करता जवळचे रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांनी सात किंवा दहा दिवसांची औषधे लिहून दिली असतील, तर ती सात किंवा दहा दिवस घ्या.